चार लाख बेचाळीस हजार एक

पत्त्याच्या शेवटच्या ओळीत आम्ही लिहितो: पिपरी (मेघे), वर्धा ४४२००१. शेजारची सिंदी, सावंगी, बोरगाव ही गावेही हाच कंस लावून असतात. पिपऱ्या महाराष्ट्रात ढीगभर, तेव्हा आपली कुठली ते सांगायला पुढे ‘मेघे’ लागतेच. बीजगणिताच्या मास्तरांनी हे पाहिले असते तर ‘सामाईक अवयव कंसाबाहेर काढा’ म्हणून वही परत केली असती.

कंसानंतर येतात सहा अंक. कुरिअरवाल्याला फोनवर सांगताना आपण ‘चार चार दोन, शून्य शून्य एक’ म्हणतो. म्हणजे ती संख्या नसते, अंकांत लिहिलेले एक नाव असते. पण मांडणी संख्येची आहे, तर एकदा संख्या म्हणून वाचायला काय हरकत आहे? चार लाख बेचाळीस हजार एक. अहेराच्या पाकिटावर असतो तसा वरचा एक इथेही आहेच.

एवढ्या वाचनातच भाषेची बरीच भटकंती होते. ‘लाख’ हा ‘लक्ष’चा मुलगा. लक्ष म्हणजे खूण, वेध, निशाण. ‘लक्ष दे’ म्हणताना जो शब्द वापरतो तोच एकावर पाच शून्यांनाही चालतो. पुढचा ‘हजार’ फारसीतून आला, पण तो परका नाही. संस्कृतातला ‘स’ इराणी भाषांत ‘ह’ होतो. सप्ताहाचा हफ्ता झाला आणि मराठीत येऊन कर्जाचा हप्ता झाला. ‘सहस्र’ आणि ‘हजार’ हेही असेच एका मुळाचे. आपण विष्णुसहस्रनाम म्हणतो आणि खाली उतरून हजाराची नोट मोडायला बघायचो, तेव्हा एकाच शब्दाची दोन रूपे वापरत होतो, फक्त एक देवघरातून आलेले आणि दुसरे दफ्तरातून.

दफ्तराची ही ये-जा मराठी अंकगणितात ठसठशीत दिसते. बेरीज आणि वजाबाकी फारसी-अरबी कारभारातल्या. ‘वजा’ही अरबी, ‘बाकी’ही अरबी. गुणाकार आणि भागाकार मात्र संस्कृत. जमाखर्चाला बेरीज-वजाबाकी पुरते, ती फडावर झाली. गुणाकार-भागाकार पंतोजीच्या आणि ज्योतिषाच्या पोथीतून आले. ‘गुण’ म्हणजे मुळात दोराचा पेड. तीन पेडांचा दोर तो त्रिगुण, त्यावरून तिप्पट ते त्रिगुणित. मला विचाराल तर हिंदीतल्या ‘जोड’ आणि ‘घटाव’पेक्षा आपली सरमिसळ जास्त रुचकर आहे.

राहिले बेचाळीस. त्यातला ‘बे’ म्हणजे दोन. मराठीने रोजच्या बोलण्यात ‘दोन’ ठेवला आणि ‘बे’ला पाढ्यांत कोंडले: बे एके बे, बे दुणे चार. गुजरातीत तो अजून उजळ माथ्याने बाजारात फिरतो. वर्ध्यात हिंदीचा शेजार जुना. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून इथेच, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही इथेच. त्यामुळे इथल्या पोराच्या कानावर घरी ‘बेचाळीस’ आणि बाहेर ‘बयालीस’ पडते आणि दोन्हींतला दोन त्याला ओळखू येत नाही.

याच अडचणीवरून २०१९च्या जूनमध्ये महाराष्ट्रात चांगलाच गदारोळ झाला. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची नवी पद्धत जुन्या नावांच्या जोडीने दिली. विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत टिंगल झाली. अभ्यासमंडळाच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांची स्वतःची पीएच.डी. संख्या सिद्धांतातली. म्हणजे संख्यांच्या पोटात शिरलेल्या बाईंनी संख्यांच्या नावांना हात घातला होता, आणि टिंगल करणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊकही नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते. ४२ लिहिताना आधी चार, बोलताना आधी दोन, पोर गोंधळते. त्यात त्रेसष्ट, त्र्याण्णव ही जोडाक्षरे.

आमच्या पिनवर हे तपासून बघा. ‘चार लाख’ म्हणताना मोठे आधी आले. ‘बे-चाळीस’ला गाडी उलटी फिरली, लहान आधी आले. ‘हजार’ला पुन्हा सुलटी. एका दमात दोनदा दिशा बदलते. हा दोष मराठीचा एकटीचा नाही, संस्कृतातच दशकाआधी एकक बोलतात. मला ‘चाळीस दोन’ कानाला बोचते, ‘बेचाळीस’ टिकावे असेच वाटते. पण अडचण खोटी होती असे मात्र म्हणवत नाही.

एवढे झाले तरी चार लाख ही काही मोठी संख्या नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेले, कमळ. अर्बुद म्हणजे गाठ. शंकू म्हणजे खुंटी, जलधी म्हणजे समुद्र. खर्व म्हणजे तर बुटका, आणि तो दहा अब्जांचा! या रांगेतून मराठीने फक्त अब्ज राखला. हिंदीने अर्बुदाचा ‘अरब’ केला आणि त्याला एक घर पुढे सरकवून अब्जाच्या जागी बसवले. अर्थसंकल्पाच्या बातमीत ‘एक लाख कोटी’ असे जे अवघडून लिहितात, त्याला लीलावतीत एक शब्द आहे, महापद्म. तो आज कोणी वापरला तर वाचक हसतील. शब्द असून उपयोग नाही, तो रोजच्या खात्यात फिरावा लागतो. कोटी मात्र फिरली आणि नुसती पैशात नव्हे. कोटी म्हणजे धनुष्याचे टोक, काटकोन त्रिकोणाची एक बाजू, पराकोटीतली परिसीमा, आणि अत्र्यांची किंवा पुलंची शाब्दिक कोटीही तीच.

मोठेपणाचे शब्द असे गळाले. गणितात आज ज्या संख्या खरोखर मोठ्या म्हणतात, त्यांना कुठल्याच भाषेत नाव नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या, म्हणजे दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक, ही चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंकी आहे. तिथे आपण संख्या वाचत नाही, तिची लांबी वाचतो. मग बोलायचे ते तिच्या गुणांबद्दल. मूळ आहे का, भाग कशाने जातो, अवयव किती. हे शब्द मात्र मराठीत जिवंत आहेत, कारण पाचवी-सहावीचे प्रत्येक पोर ते वापरते.

त्यासाठी आमचा पिन पुरेसा आहे. तो कुठून आला हे आधी सांगतो, कारण ते ऐकण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत सुरू झाली. ती बसवणारे टपाल खात्याचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार. सरळ वाचले तर राम आणि उलट वाचले तर कृष्ण, असे विलोमकाव्य रचणारा माणूस. त्याने देशाला सहा अंकी केले. पहिला ४ म्हणजे आपला विभाग, त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. ४४ म्हणजे विदर्भ. ४४२ म्हणजे वर्धा-चंद्रपूर-गडचिरोलीकडचा टापू. शेवटचे तीन अंक डाकघराचे. ‘अंक’ म्हणजे खूण, मांडी आणि नाटकाचा खंडही. नाटककाराच्या हातून निघालेली ही योजना सहा अंकी असावी हे बरे जमले.

आता भाग लावू. संख्या विषम आहे, दोनाने जात नाही. (विषम म्हणजे समान नसलेले, वर्ध्याचे हवामान ज्या अर्थाने विषम, त्याच्याशी या शब्दाचे नाते अगदी सख्खे.) अंकांची बेरीज ११, म्हणून तीनाने जात नाही. शेवटी एक, म्हणून पाचाने नाही. सातासाठी एक सोपी युक्ती आहे. शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे आणि उरलेल्यातून वजा करायचे. ४४२ वजा ००१ म्हणजे ४४१. एकवीस एकवीस चारशे एक्केचाळीस, हे पाढे म्हटलेल्या कोणालाही दिसेल, आणि एकवीसात सात आहेच. युक्ती चालते कारण १००१ ही ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार आहे. हजार तिच्याहून एकाने कमी, म्हणून हजाराच्या जागी उणे एक धरले की झाले. तेव्हा सातने भाग गेला. भागाकार आला ६३१४३.

मराठीत भाग ‘जातो’. आपण संख्येला भागतो खरे, पण बोलताना भाग आपणहून जातो किंवा जात नाही. निःशेष गेला तर बाकी शून्य ‘उरते’. काहीच न उरण्यालाही उरणे म्हणणारी ही भाषा मला फार आवडते.

६३१४३ला मात्र लवकर भाग जात नाही. अकरा, तेरा, सतरा करत पेन्सिल झिजवत दोनशेच्या पुढे जावे लागते, तेव्हा कुठे २३३ला ती सापडते: २३३ × २७१. म्हणजे ४४२००१ = ७ × २३३ × २७१. तीनही मूळ संख्या. याला म्हणतात मूळ अवयव पाडणे. अवयव म्हणजे हातपाय. ते ‘पाडायचे’ म्हणजे जरा खाटिकखान्याचा भास होतो, पण मराठीत दातही पाडतात, पायंडाही पाडतात आणि पैसेही पाडतात, त्यामुळे कोणाला वावगे वाटत नाही.

‘मूळ संख्या’ हे नाव हिंदीच्या ‘अभाज्य’पेक्षा मला सरस वाटते. अभाज्य म्हणजे जिला भाग जात नाही ती. हे नकाराने केलेले वर्णन झाले. मूळ म्हणजे जिच्यापासून बाकीच्या फुटतात ती. त्यावरून पुढचे शब्दही सहज तयार झाले: ज्यांना एकाशिवाय सामाईक विभाजक नाही त्या सहमूळ, ज्यांच्यात दोनाचे अंतर त्या जोडमूळ. २७१ची जोडीदार २६९. २३३ एकटी, तिच्या आजूबाजूच्या २३१ आणि २३५ दोन्ही फुटतात. एक खोट आहे ती सांगायला हवी. वर्गमूळातला ‘मूळ’ वेगळा, मूळ संख्येतला वेगळा, आणि विद्यार्थी या दोन मुळांत अडखळतो. जुन्या पुस्तकांत सर्वांत मोठ्या सामाईक विभाजकाला ‘दृढभाजक’ म्हणत. भास्कराचार्य कुट्टकात सामाईक भाग काढून टाकलेल्या संख्यांना दृढ म्हणतात, त्याच घराण्यातला हा शब्द. मग महत्तम सामाईक विभाजक आला, त्याचा आद्याक्षरांनी ‘मसावि’ झाला आणि जोडीला ‘लसावि’. दृढभाजक मेला तो त्यामुळेच. आद्याक्षरी शब्द मराठीत सहसा तगत नाहीत, पण मसावि-लसावि मामा-मावशीसारखे घरचे झाले. त्यांना विभक्तीही लागते: मसावीने, लसावीला.

आता या तीन अवयवांकडे बघा. २३३ छंदशास्त्रातली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. बारा मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? बरोबर २३३. अकरा मात्रांची १४४ प्रकारे, दहाची ८९. प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज. बाराव्या शतकात हेमचंद्राने हे मांडले, पुढे जगाने याला फिबोनाचीचे नाव दिले. संस्कृत कवीने बसवलेल्या पद्धतीत आमच्या वाट्याला ही संख्या आली हा निव्वळ योगायोग, पण वेलणकरांना आवडला असता असा.

२७१ला ४१ने गुणा, येते ११,१११. या एकांच्या माळेचा वर्ग केला की १२३४५४३२१, चढून उतरणारा. अशा संख्यांना नाव आहे ‘डेम्लो’ आणि ते ठेवले दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. मुंबईपासून तीसेक मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचे ते स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून स्टेशनचे नाव संख्येला दिले. सातचाही त्यांच्याशी धागा आहे. एक भागिले सातमधून येणारी १४२८५७ ही ‘कापरेकर संख्या’. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९, बेरीज पुन्हा १४२८५७.

१९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. देशातल्या विद्वानांनी त्यांना बराच काळ गंमतीजमतीवाले म्हणून बाजूला ठेवले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिले तेव्हा जगाला ते कळले. मला त्यांचे नामकरण विशेष वाटते. ग्रीक-लॅटिनच्या वाटेला न जाता त्यांनी स्टेशन घेतले, गाव घेतले, आणि संस्कृत घेतले तेही घरगुती. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत गेले की नवी संख्या जन्मते. जिला असा जन्मदाता नाही ती स्वयंभू. तिला ‘देवळाली संख्या’ही म्हणतात. ४४२००१ स्वयंभू नाही. ४४१९७३ आणि तिच्या अंकांची बेरीज २८ मिळून ती झाली आहे. स्वयंभू गणपती गावोगाव, पण पिन कोडाला तेवढे भाग्य नाही.

दुसरा शब्द ‘हर्षद’. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्ष देणारी. याच संख्यांना १९७७नंतर आयव्हन निव्हेन यांच्या नावानेही ओळखू लागले. कुठले नाव जास्त बोलके, हे वेगळे सांगायला नको. वर्ध्याच्या अंकांची बेरीज ११ आणि ११ने भाग लावला तर बाकी दहा. हर्ष एकाने हुकला. अमरावती ४४४६०१, बेरीज १९, तिथे बाकी एक. आणि नागपूर? ४४०००१, बेरीज ९, भागाकार ४८८८९, बाकी शून्य. उपराजधानी हर्षदही निघावी, आता काय बोलायचे! वर्ध्याचे सांत्वन नदीच्या नावात आहे. तिचे जुने नाव वरदा, वर देणारी. हर्षदमधला ‘द’ आणि वरदेतला ‘दा’ एकाच धातूचे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाचे दोन भाग करून दोघा भावांत वाटले जातात, तेव्हा मधली हद्द हीच वरदा. भागाकाराचा संबंध तेवढा जुना.

आता कापरेकरांची सर्वांत गाजलेली गोष्ट. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे सांगितले. तोच हा ‘कापरेकर स्थिरांक’. सहा अंकांना मात्र असा एक मुक्काम नाही. तिथे स्थिर राहणाऱ्या संख्या दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि शिवाय सात संख्यांचे एक चक्र. त्या चक्राला मी ‘फेरा’ म्हणतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातला.

वर्धा: ४४२१०० वजा ००१२४४ बरोबर ४४०८५६. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि सातव्या वजाबाकीला ४२०८७६. इथून फेरा सुरू: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि परत ४२०८७६. नागपूर घ्या: ४४१००० वजा ०००१४४, तेही ४४०८५६! पहिल्याच पावलाला दोन्ही शहरे एकत्र आली. हर्षद असल्याचा काही उपयोग झाला नाही. अमरावती आणि गडचिरोली (४४२६०५) पहिल्या वजाबाकीला ६२९९६४वर येतात, म्हणजे आमच्याच वाटेवर, आमच्या तीन पावले पुढे. सेवाग्राम (४४२१०२) दुसऱ्या वजाबाकीला ७४९९४३वर येऊन मिळते. अकोला (४४४००१) दुसऱ्यालाच फेऱ्यात शिरते. यवतमाळ (४४५००१) वेगळ्या रस्त्याने जाते आणि चौथ्या वजाबाकीला ८६०८३२वर सापडते.

चंद्रपूर घेतले ते यादी पुरी करायची म्हणून. ४४२४०१. मांडणी ४४४२१० वजा ०१२४४४, उत्तर ४३१७६६. पुन्हा मांडणी ७६६४३१ वजा १३४६६७, उत्तर ६३१७६४. अंक तेच, उत्तर तेच. चंद्रपूर फेऱ्यात नाहीच. दोन वजाबाक्यांत ते स्थिरांकावर जाऊन बसले.